माग तोच, नक्षी वेगळी

नाशिक जिल्ह्यातील येवल्याला पैठणीचे माग पाहायला गेलात, तर काही मागांच्या माथ्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ दिसते. ही जॅकार्डची करामत. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास ती सिद्ध केली. कार्डावरील भोकांनुसार ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरते. नक्षी बदलायची तर माग मोडावा लागत नाही. कार्डांची माळ बदलली की झाले.

जे वरचेवर बदलते ते यंत्राबाहेर ठेवावे, हा यातला धडा. संगणकांना तो गिरवायला बराच काळ लागला.

१९४५ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक तयार झाला. त्याला नवे गणित घालायचे तर तारा उपसून दुसरीकडे खोचाव्या लागत, बटणे फिरवावी लागत. यात काही दिवस जात. १९४९ साली केंब्रिजचा एड्सॅक चालू झाला आणि आज्ञावली संगणकाच्या स्मृतीतच साठवता आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला, १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅकही याच वळणाचा. तारांचा त्रास संपला. पण माहिती कोठे आहे, उत्तर कोठे छापायचे, अशा स्थानिक बाबीही आज्ञावलीतच लिहिल्या, की जागा बदलताच आज्ञावली उघडून दुरुस्त करणे आले.

बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू झाले. तिच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत यावर साधा उपाय आला. प्रत्येक आज्ञावली सुरू होताना तिच्या हाती 'नाव बरोबर मूल्य' अशा जोड्यांची यादी द्यायची. या यादीला आपण 'परिसर' म्हणू. एका आज्ञावलीने दुसरी सुरू केली, की पहिलीच्या यादीची प्रत दुसरीला वारशाने मिळते. मिळते ती प्रत, म्हणून मूळ यादीत नंतर केलेला बदल चालू आज्ञावलीला कळत नाही. ती पुन्हा सुरू करावी लागते.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर हे करून पाहा. आज्ञा देण्याच्या खिडकीत परिसरातील 'टीझेड' या नावाला टोकियोचा कालविभाग द्या आणि 'डेट' ही आज्ञा चालवा. मग कोलकात्याचा विभाग देऊन पुन्हा चालवा. घड्याळ साडेतीन तास मागे येईल. संगणक आतल्या आत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंदच मोजत असतो. त्या मोजणीला आपण हातही लावलेला नाही.

२००६ साली ॲमेझॉनने संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. दूरच्या, न दिसणाऱ्या यंत्रांची ही सोय 'क्लाउड' नावाने रूढ झाली. तेथेही हीच युक्ती कामी आली. एका ओळीची आज्ञा टंकली, की सेवा नवे मूल्य नोंदवते आणि ते लागू व्हावे म्हणून आपला कार्यक्रम पुन्हा सुरू करते. हे पुन्हा सुरू करणे का लागते, ते वारशाच्या नियमावरून आता उमगेल.

२०११ साली ॲडम विगिन्स यांनी अशा कार्यक्रमांसाठी बारा सूत्रे मांडली. तिसऱ्या सूत्रात एक कसोटी आहे: तुमची आज्ञावली या क्षणी जगासमोर उघडी केली, तर एखादे गुपित फुटेल का? आम्ही या कसोटीत एकदा नापास झालो आहोत. विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी दिलेल्या आज्ञावलीत माहितीसाठ्याचा परवलीचा शब्द तसाच राहिला. तो शब्द घाईघाईने बदलावा लागला.

तथापि परिसर म्हणजे तिजोरी नव्हे. टंकलेल्या आज्ञांची नोंद बहुधा संगणक ठेवतो. आज्ञेत लिहिलेला परवलीचा शब्द त्या नोंदीत राहू शकतो. शिवाय वारसा मिळालेली प्रत्येक आज्ञावली तो वाचू शकते.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा. शाळेचा निकाल तयार करणारी आज्ञावली लिहायची आहे. बेरीज करण्याची रीत, उत्तीर्णतेचे गुण, शाळेचे नाव, मुख्याध्यापकांचा परवलीचा शब्द: यांतले मागात काय राहील आणि कार्डांवर काय जाईल?