जमाखर्चाबाहेरचा कंप

वऱ्हाड मुलखातील कापूस मुंबईच्या बाजारपेठेकडे नेण्यासाठी किलिक निक्सन या विलायती पेढीच्या अमलाखाली विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग घातला गेला; आणि पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीने, १९९४ साली वाफेचे इंजिन सोडून डिझेलचा अंगीकार करीपर्यंत आणि त्यानंतरही, वाटेतील दारव्ह्यावरून जाताना रुळांना जो कंप दिला, तो कोणाच्याच जमाखर्चात आला नाही.

वस्तुतः अशा कंपातून थोडी वीज काढता येते; काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत्भार उत्पन्न होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० सालीच दाखविले होते. परंतु अशा स्फटिकाची, एकाच कंपनसंख्येस जुळविलेली साधी पट्टी, गाडीच्या वेगाबरोबर व भाराबरोबर कंप पालटताच निष्प्रभ होते. उपायाचे बीज गेऑर्ग डफिंग या जर्मन अभियंत्याच्या १९१८ च्या ग्रंथात होते: ज्या स्प्रिंगचा ताठपणा विस्थापनागणिक बदलतो, तिची कंपनसंख्याही आंदोलनाच्या विस्ताराप्रमाणे सरकते. म्हणूनच लोहचुंबकांच्या ओढीत दोन स्थितींमध्ये झेपावणारी पट्टी कमीअधिक कंपनसंख्यांचे धक्के टिपू शकते. विजेची मिळकत मात्र बहुधा मिलिवॅटांतच. तीवर गाडी चालेल ही आशा भाबडी, पण पुलावरील एखाद्या लहानशा मापकयंत्रास ती पुरावी.