नोकरीचा पहिला दिवस, कपडे कोणते? कचेरी, शाळा आणि एमआयडीसीचे नियम वेगवेगळे

आयटीआय किंवा पदवी झाली, मुलाखतीचं बोलावणं आलं की घरात पहिला प्रश्न पडतो तो कपड्यांचा. मग लग्नात घेतलेला चमकदार शर्ट बाहेर निघतो, नाहीतर तालुक्याला जाऊन उधारीवर नवा जोड घेतला जातो. दोन्हींची गरज नसते. कुठल्या कामाला जायचं आहे, हे आधी पाहिलं तर खर्च निम्म्यावर येतो.

सरकारी कार्यालयांसाठी राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढलं. त्यात महिलांसाठी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता किंवा ट्राउझर पँटवर कुर्ता अथवा शर्ट, आणि पुरुषांसाठी शर्ट-पँट असं सांगितलं होतं. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षी किंवा चित्रं असलेले कपडे नकोत, कार्यालयात स्लीपर नकोत आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी, अशा सूचनाही होत्या. जीन्स आणि टी-शर्ट दोन्हींवर तेव्हा बंदी आली. पुढे २०२१ मध्ये जीन्सला मुभा मिळाली, टी-शर्टवरची बंदी राहिली. तरी तहसील किंवा पंचायत समितीत नव्याने रुजू होणाऱ्याने जीन्स टाळलेली बरी. साहेब जुन्या वळणाचे असले तर उगाच नजरेत येतं.

शिक्षकांसाठी मार्च २०२४ चा शासन निर्णय आहे. पुरुषांनी फिकट शर्ट, गडद पँट आणि शर्ट खोचलेला. महिलांनी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. जीन्स, टी-शर्ट इथेही नाही. रंग शाळेने ठरवायचा असल्यामुळे आधी मुख्याध्यापकांना विचारावं, मगच कापड फाडावं.

एमआयडीसीतल्या कारखान्यात मात्र कपडे दिसण्यासाठी नसतात, हातपाय शाबूत राहावेत म्हणून असतात. फिरत्या पट्ट्यात ओढणीचं टोक, सैल बाही किंवा गळ्यातला गमछा अडकला तर माणूस आत ओढला जातो. हात झटकून सुटायला वेळच मिळत नाही. चालू यंत्राजवळ जाऊन तेलपाणी, तपासणी करणाऱ्या कामगाराचे कपडे अंगाबरोबर बसणारे असावेत आणि ते मालकाने पुरवावेत, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती. म्हणून कडं, अंगठी, घड्याळ, मनगटावरचे दोरे घरी ठेवावेत. लांब केस बांधून टोपीखाली घ्यावेत. वेल्डिंग किंवा भट्टीचं काम असेल तर पॉलिस्टर नकोच: ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती कापड जळतं, पण चिकटत नाही. पायात चप्पल घालून आलेल्याला बऱ्याच कंपन्यांत गेटवरूनच परत पाठवतात. बूट, हेल्मेट, गणवेश कंपनी देणार की ठेकेदार पगारातून कापणार, हे रुजू होण्याआधी स्पष्ट विचारून घ्यावं. पहिला पगार हातात आल्यावर भांडून उपयोग होत नाही.

बँक, पतसंस्था, दवाखान्याचं काउंटर, दुकानातली हिशेबाची नोकरी इथे छापील नियम क्वचितच असतो. फिकट एकरंगी किंवा बारीक रेघांचा शर्ट, काळी, करडी किंवा नेव्ही ब्लू पँट, साधे काळे बूट. मुलींना अंगाला नीट बसणारा सुती कुर्ता-सलवार. साडीची रोजची सवय नसेल तर मुलाखतीलाच पहिल्यांदा नेसू नये; लक्ष निऱ्यांकडे राहतं आणि प्रश्न कानावरून जातो.

सुरुवातीला दोन पँटी आणि तीन शर्ट आलटून पालटून पुरतात. गावच्या टेलरकडे शिवायचं तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं साधारण सव्वादोन मीटर आणि पँटला ५८ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड लागतं. अंगाने भरलेल्या माणसाला थोडं जास्त. निव्वळ सुती कापड उन्हाळ्यात चांगलं, पण रोज इस्त्री मागतं. वीज कधी येईल याचा भरवसा नसेल तर सुती-पॉलिस्टर मिश्र कापड सोयीचं पडतं. सुती कापड शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाही आखडते.

गावाहून मोटरसायकलने जाणाऱ्यांची अडचण वेगळीच. पांढरा शर्ट पोहोचेपर्यंत मळकट होतो, त्यामुळे वरून जुनं जर्किन घालावं आणि गाडी लावल्यावर काढावं. मागे बसणाऱ्या बाईने पदर खोचून, ओढणी दोन्ही टोकांनी बांधून बसावं. चाकात किंवा चेनमध्ये गेली की थेट गळ्याला फास बसतो. पावसाळ्यात बूट पिशवीत आणि पायात रबरी चप्पल, हा जुना उपाय आजही चालतो. ऑफिसच्या पायरीवर पाय पुसून बूट चढवले की झालं. फक्त पिशवीत मोजांचा एक कोरडा जोड जास्तीचा असू द्यावा.