जड बेसचा इतिहास: भोंगा, पेटी आणि डेसिबल

समजा, तुम्हाला संशोधनासाठी विषय घ्यायचाय: ‘भंडारा जिल्ह्यात डीजेचा जड बेस कधी आला?’ विषय चांगला आहे, पण प्रश्न या रूपात चालणार नाही. ‘कधी आला’ विचारलं की उत्तरात एक वर्ष मिळतं आणि प्रकरण तिथंच संपतं. त्यापेक्षा असं विचारा: हा आवाज आधी का नव्हता? तो शक्य कशामुळे झाला? आणि त्याची नोंद कुणी, कोणत्या साधनाने ठेवली? या लेखात मी मुख्यतः तिसऱ्या प्रश्नावर बोलणार आहे, कारण खरी अडचण तिथेच आहे.

सुरुवात शब्दांपासून करा. आपल्याकडे विदर्भात म्हणतात ‘डीजे’. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे त्याच भिंतीएवढ्या स्पीकरांना ‘डॉल्बी’ म्हणतात. गंमत बघा, रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करायला. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण सगळ्यात मोठ्या आवाजाला दिलं! पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. जुन्या वर्तमानपत्रांत फक्त ‘डीजे’ शोधलंत तर अर्धी सामग्री हातून जाईल. ध्वनिक्षेपक, कर्णा, भोंगा, लाऊडस्पीकर, डॉल्बी, साऊंड सिस्टीम हे सगळे शब्द शोधा. कोणता शब्द कोणत्या काळात जास्त दिसतो, हाच एक निष्कर्ष होऊ शकतो.

कारण भोंगा आणि डीजेची बेस पेटी ही एकाच वस्तूची लहानमोठी रूपं नाहीत. भोंग्याचं तोंड लहान, म्हणून काहीशे हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने पडतो. माणसाचं बोलणं, सनई, बाईचा गळा हे तो लांबपर्यंत पोचवतो. पण ढोलाचा ‘धम’ त्यातून ‘टप’ होऊन निघतो. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. एवढी लहर हलवायची तर हवा भरपूर ढकलावी लागते, म्हणून अठरा इंची स्पीकर, प्लायवूडची मोठी पेटी, हजारो वॅटचे अँप्लिफायर आणि जनरेटर. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार, खडी गंमत किंवा झाडीपट्टीचं नाटक रंगतं. तिथे ढोलकीचा खालचा स्वर समोर बसलेल्याच्या छातीपर्यंत जातो, गावकुसाबाहेर नाही. पेट्यांनी हे अंतर बदललं. म्हणजे बेस भंडाऱ्यात ‘आला’ असं म्हणणं बरोबर नाही. तो होताच, त्याचा पल्ला वाढला.

आता यंत्रांकडे वळू. इथे नवीन संशोधक हमखास घसरतात. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते, हिंदी चित्रपटसंगीतात गिटार, बेस आणि सिंथेसायझर वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेली तबकडी केली. वापरली तीन जपानी यंत्रं, तिन्ही रोलँड कंपनीची: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसयंत्र आणि ज्युपिटर-८. टीबी-३०३ बनवलं होतं बेस गिटारवाल्याची जागा भरायला, ते त्याला जमलं नाही आणि बाजारात आपटलं. पुढे जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या याच यंत्रावर शिकागोत फ्यूचर या गटाने १९८७ मध्ये ‘अॅसिड ट्रॅक्स’ आणलं आणि ‘अॅसिड हाऊस’ला नाव मिळालं. २०१० मध्ये चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगभर चर्चा झाली की अॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं.

ऐकायला छान वाटतं ना? पण पुरावा काय? पाच वर्षं आधी घडलं हे खरं. त्यावरून पुढचं घडलं, हे सिद्ध होत नाही. तबकडी फारशी खपली नव्हती आणि शिकागोच्या पोरांनी ती ऐकल्याचा धागा सापडत नाही. माझ्या मते यातला जास्त रंजक मुद्दा वेगळा आहे. तेच यंत्र दोन शहरांत दोन कारणांनी हाती आलं, आणि दोन्हीकडे ते बनवणाऱ्याच्या मनात नव्हतं तसं वाजलं. अग्रक्रम आणि वंशावळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, मार्गदर्शकांकडून निम्मी बोलणी वाचतील.

त्या ८०८ चा बेस ड्रम मात्र आजच्या जड बेसचा खरा आजोबा. त्याची घुमण्याची लांबी वाढवली की ठोका मागे पडतो आणि जवळजवळ शुद्ध खालचा स्वर उरतो. आज लॅपटॉपवर रीमिक्स करणारा हेच करतो. ४० ते ६० हर्ट्झचा साधा स्वर खाली ठेवतो, पण तेवढ्याने ‘भरलेला’ बेस होत नाही, कारण लहान स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. म्हणून त्या स्वराला थोडं कुरतडून वरचे स्वरांश तयार करतात. १००, १५०, २०० हर्ट्झ एकत्र ऐकले की मेंदू नसलेला ५० हर्ट्झ स्वतःच भरून काढतो. शिवाय प्रत्येक ठोक्याला बेसची पातळी क्षणभर दाबतात, म्हणजे दोघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. जडपणा येतो तो अशा जागा करण्यातून, नुसतं बटण पिळून नाही.

आता हे संग्रहात शोधा. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर गाऊन व्हायचं, त्यात खालचे स्वर जवळपास नाहीतच. तबकडीवरही बेस मुद्दाम कमी करून कोरतात, वाजवताना वाढवतात. आणि आजचं मिरवणुकीचं चित्रीकरण? मोबाइलवरचं. ज्या आवाजाने कवेलू थरथरतात, तो त्या चित्रीकरणात फाटक्या फडफडीसारखा येतो. पन्नास वर्षांनी कुणी ते ऐकलं तर म्हणेल, ‘एवढंच?’

सगळ्यात मोठा बहिरेपणा मात्र कायद्याच्या मोजमापात आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, पण ‘ए’ मापावर. हे ‘ए’ माप कुठून आलं? फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात आपला कान खालचे स्वर फार कमी ऐकतो. त्या वक्ररेषेवरून हे माप बनलं आणि ५० हर्ट्झला ते सुमारे ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे त्या स्वरात १०० डेसिबल असेल तर मीटर ७० दाखवणार. पण मोठ्या आवाजात कानाची ही सवय बदलते, तेव्हा बेस बराच जास्त ऐकू येतो. त्यात भिंत वरचे स्वर अडवते आणि बेस आत सोडते. घरात हृदयविकाराचा रुग्ण किंवा परीक्षेचा अभ्यास करणारं पोर बसलंय, खिडकीची काच वाजतेय, आणि मीटरवरचा आकडा मात्र बराच सभ्य. तक्रारदार खोटं बोलत नाही आणि मीटरही नाही, दोघं वेगळी गोष्ट मोजताहेत. ‘ए’ मापाच्या बाजूनेही एक सांगायला हवं: कानाला होणाऱ्या इजेचा अंदाज त्यातून बऱ्यापैकी येतो, म्हणून ते टिकलं. झोपमोडीचा आणि हादऱ्याचा अंदाज येत नाही.

हे वाचून लगेच ‘डीजे बंद करा’ असा प्रबंध लिहू नका. कुणाच्या मिरवणुकीचा आवाज ‘उत्सव’ ठरतो आणि कुणाचा ‘गोंगाट’, हे तपासणं इतिहासकाराचंच काम आहे. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबीसारख्या रेडिओ-ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी बेसची अख्खी परंपरा उभी केली. आपल्या तालुक्याच्या गावातही पेटी करणारा सुतार आणि कॉइल भरणारा मिस्त्री असतो. त्यांच्यावर कुणी प्रबंध लिहिलाय, असं माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा येत्या मंडईला जाणार असाल तर साधं काम करा. एकाच जागी ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन्ही मापांवर वाचन घ्या. ‘सी’ माप ५० हर्ट्झला जेमतेम एक-दीड डेसिबल कापतं, त्यामुळे दोन्हीतला फरक जितका मोठा, तितका आवाज बेसने भरलेला. जागा, अंतर, वेळ आणि भिंतीच्या आत की बाहेर, सगळं लिहा. फोनचं अॅप नको, त्याचा माइकच खाली ऐकत नाही. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाकडे मीटर मागून बघा. दुसऱ्या दिवशी पेटीवाल्याकडे जा आणि त्याची जुनी बिलबुकं दाखवायला सांगा. पहिली अठरा इंची पेटी कुणासाठी आणि कोणत्या लग्नसराईत केली, हे तिथे सापडायची शक्यता जास्त.