इंच नव्हे, वारा विचारा!

हिवाळा लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "किती इंच पडणार?" आपण पावसाच्या देशातून आलेली माणसे; वरून पडेल ते मोजायचे, ही जुनी सवय. पण इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या ब्लिझर्डच्या व्याख्येत इंच मुळी नाहीतच! ताशी ३५ मैल वा अधिक वेगाचा वारा किंवा तसे वारंवार येणारे झोत, पडणारे अथवा उडणारे हिम, पाव मैलापलीकडचे दिसेनासे होणे, आणि हे सारे निदान तीन तास. म्हणजे नवा कणही न पडता ब्लिझर्ड होऊ शकते.

बफेलोने हे १९७७ साली अनुभवले. आदल्या डिसेंबरातच ईरी सरोवर गोठले होते आणि नंतर पडलेले हिम त्या सपाट पृष्ठभागावर साठत गेले. हिमकण थोडे वितळून पुन्हा गोठले, की एकमेकांना चिकटतात, वर कडक पापुद्रा धरतो आणि मग वाऱ्याला ते सहजी उचलत नाहीत. त्या वर्षी थंडीच अशी, की सगळे पिठीसारखे मोकळे राहिले. २८ जानेवारीला सकाळी अकराच्या सुमारास तिथल्या हवामान कचेरीने इशारा दिला. तासाभराच्या आतच वादळ शहरावर होते. झोत ताशी ६९ मैलांपर्यंत. नवे हिम जेमतेम फूटभर, बाकीचे सरोवरावरून आले. रस्ता कुठला, आकाश कुठले, कळेना. यालाच इथे 'व्हाइटआउट' म्हणतात. २९ माणसे दगावली, कित्येक तर बर्फात बुडालेल्या गाड्यांतच.

अंदाज असूनही तो पोचला नाही, असेही घडले आहे. १८७० पासून हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होते. ठिकठिकाणचे आकडे तारेने येत. १२ जानेवारी १८८८ च्या वादळाआधी सेंट पॉलच्या कचेरीतून लेफ्टनंट थॉमस वुड्रफ यांनी थंडीच्या लाटेचा अंदाज पाठवला होता. अशा वेळी पांढरे, मधोमध काळा चौकोन असलेले निशाण उभारत. पण तारघरापासून मैलोन् मैल दूर असलेल्या शेतावर ते दिसणार कसे? सकाळ उबदार, म्हणून डाकोटा-नेब्रास्कातली मुले पातळ कपड्यांत शाळेला गेली. सुमारे २३५ माणसे मेली असे मानतात. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ.

डिसेंबर २०२२ मध्ये बफेलोला इशारा काही दिवस आधीच मिळाला होता. वाहनबंदी मात्र २३ तारखेला सकाळी साडेनऊला लागू झाली, तोवर बरेच जण कामावर निघालेले. चाळीसहून अधिक बळी गेले. आमच्या मते हा दोष उपग्रहांचा वा संगणकांचा नव्हे.

एक सूचना, रसायनाचा धंदा म्हणून: गाडीत अडकल्यास एक्झॉस्टभोवतीचे हिम काढल्याखेरीज इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो.