गव्हावर ढकललेले गाजर गवत

दौंड तालुक्यातल्या खुटबावला रुळांच्या कडेने, उसाच्या बांधावर किंवा गुऱ्हाळामागच्या पडीक जागेत गाजर गवत माजलेले दिसते. हे आले कुठून, असे कोणालाही विचारा. अमेरिकेने पीएल-४८० खाली निकृष्ट गहू पाठवला, त्यातून आले, हेच उत्तर मिळेल. शेतकरी मेळाव्यात हेच सांगतात, कृषीच्या लेखांतही हेच छापून येते. हे मत मला मान्य नाही. त्यातली तारखांची चूक दाखवता येतेच. पण त्या चुकीपायी आपण आपल्याच जमिनीकडे पाहायचे सोडले, ही गोष्ट मला जास्त लागते.

पूर्वपक्ष कच्चा नाही. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. स्वतंत्र भारतात तिची नोंद झाली ती पुण्यात: आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात ती भारतासाठी नवी म्हणून नोंदवली. त्याच सुमारास परदेशी धान्य बंदरांत उतरत होते आणि पुढच्या दोन दशकांत गवत देशभर पसरले. धान्यात तणाचे बी मिसळून येते, हेही खरे. एवढे सगळे जुळल्यावर माणसाने निष्कर्ष काढला तर त्यात नवल नाही.

आता तारखा पाहू. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा जुलै १९५४ चा. भारताशी त्याखालचा पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. पुण्यातल्या उकिरड्यांवर ही झाडे त्याआधीच दिसली होती. करारापूर्वी उगवलेले झाड करारानंतरच्या गव्हातून येणार कसे? यावर कोणी म्हणेल, पीएल-४८० नसेल, १९५१ साली अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता, त्यातून आले असेल. ही शक्यता मी नाकारत नाही. पण विल्यम रॉक्सबर्गच्या १८१४ साली छापलेल्या ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या कलकत्त्याच्या बागेच्या यादीत पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे गाजर गवताचे शास्त्रीय नाव आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहात ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला नमुना आहे. म्हणजे कोणत्याही गव्हाच्या बोटीआधी ही वनस्पती या देशात पोचली होती.

इथे प्रतिपक्ष आणखी एक आक्षेप घेऊ शकतो, आणि तो वजनदार आहे: बागेतले झाड वेगळे आणि १९५० नंतर माजलेले तण वेगळे, एकच जात दोनतीनदा येऊ शकते. बरोबर आहे, येऊ शकते. परंतु हे मान्य केले की मूळ सिद्धांताचा आधारच जातो. एकदा येऊन जे जवळपास दीडशे वर्षे कोणाच्या डोळ्यांवर आले नाही, ते नंतर का माजले, याचे उत्तर नुसत्या येण्यात नाही. प्रवेश हे कारण नव्हे, फार तर निमित्त.

खरे कारण या झाडाच्या स्वभावात आणि आपल्या वागण्यात मिळून आहे. ओल मिळाली की बी वर्षभरात केव्हाही रुजते, झाड महिना-दीड महिन्यात फुलावर येते आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकते. गुरे ते टाळतात, म्हणून चराईत त्याचे शेजारी खाल्ले जातात आणि ते उरते. पानाफुलांतली द्रव्ये आसपासच्या रोपांची उगवण आणि वाढ रोखतात. माणसाच्या कातडीवरही त्याचा त्रास उठतो, डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली त्या त्वचारोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एवढे बळ असूनही या तणाचे एक वर्म आहे. दाट, बहुवर्षायू गवताने झाकलेल्या जमिनीत त्याला सहजी पाय रोवता येत नाही. त्याला उघडी, उकरलेली किंवा चरून उजाड झालेली जागा लागते.

दौंड तालुक्यात अशी जागा आपण किती तयार केली, ते बघा. १८५८ साली पुण्याहून रेल्वे इकडे आली, मग कालवे आले, रस्त्यांचे भराव आले, मुरमाच्या खाणी आल्या. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात पवना, मारवेल, कुसळीची माळराने होती. धनगरांच्या मेंढ्या, लांडगे, चिंकारा त्यांवर जगत. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला १९९७ साली जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे. बाकीचे माळ सरकारदरबारी ‘पडीक’ ठरले. जे पडीक ठरले ते नांगरायला, उकरायला, उसाखाली आणायला मोकळे झाले. बी कुठून का येईना, त्याला जागा आपण करून दिली.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण इथे बोलके आहे. क्वीन्सलंडमध्ये क्लेरमाँटजवळ हे तण टेक्ससहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून आले, हे तिथे पक्के ठाऊक आहे. तरीही तिथल्या तज्ज्ञांचा मुख्य सल्ला चराई आवरून गवताचे आच्छादन टिकवण्याचा आहे. ज्यांना गुन्हेगार नक्की सापडला, तेसुद्धा त्याच्या नावाने बसून राहिले नाहीत.

गाजर गवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंगेऱ्याबद्दलही लोकांच्या मनात अशीच भाबडी आशा आहे. १९८३ साली तो बंगळुरात आणला गेला, पुढे सोडला गेला, आणि पावसाळ्यात तो पाने फस्त करतो हे खरे आहे. पण पाऊस सरला की बहुतेक भुंगेरे जमिनीत शिरून सुप्त होतात. खुटबावसारख्या बागायती गावात पाटाच्या पाझरावर गाजर गवत उन्हाळ्यातही हिरवे असते; त्या महिन्यांत त्याला खाणारे कोणी जागे नसते. दुसरा उपाय सांगतात तो तरोट्याचा, सेन्ना युनिफ्लोराचा. तो गाजर गवताला हटवतो, पण तोही अमेरिका खंडातलाच आणि तोही माजतो. एका परक्याला काढून दुसरा बसवला, तर माळ माळाकडे परत येत नाही.

खुटबावच्या उत्तरेला मुळा-मुठेच्या पात्रातली जलपर्णीही हेच सांगते. पुण्याच्या सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद चालू असेपर्यंत यंत्रे लावून काढलेली जलपर्णी पुन्हा उगवणार. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतले आहे, हे सांगून नदी साफ होत नाही.

हे सारे अमेरिकेची वकिली म्हणून लिहिलेले नाही. आयात धान्याची आणि बियाण्याची कडक तपासणी हवीच. पण गावाच्या हातात बंदर नाही, बांध आहे. म्हणून खुटबावच्या आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: पहिल्या पावसानंतर, फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून गाजर गवत उपटा, फुलावर आलेले शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. आणि उपटलेली जागा उघडी ठेवू नका. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे चांगले वाण दिले आहेत. त्याची ठोंबे त्याच पावसात लावा आणि गवत धरेपर्यंत तिथे गुरे सोडू नका.