एर्नेट : तारेवरून नव्हे, आधी टप्प्याटप्प्याने

भारतात इंटरनेट केव्हा आले, असे विचारले की १५ ऑगस्ट १९९५ ही तारीख सांगितली जाते. त्या दिवशी विदेश संचार निगमाने ही सेवा सर्वसामान्य ग्राहकांना खुली केली, हे खरे. पण आपल्याकडे संगणकांचे एक जाळे त्याआधीच विणले जात होते, तेही शिक्षण आणि संशोधनासाठी. एर्नेट हे त्याचे नाव.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने हे काम सुरू केले. सहभागी आठ होते : मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एन.सी.एस.टी.) आणि खुद्द तो विभाग. एन.सी.एस.टी.चे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी या कामात आघाडीवर होते.

१९८७ मध्ये पहिली जोडणी झाली ती एकाच शहरात, एन.सी.एस.टी. आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये. दोन संगणकांना कायम जोडणारी तार नव्हती. होता तो साधा दूरध्वनी. टपालाच्या थैलीची कल्पना करा. दिवसभरातील पत्रे संगणक साठवून ठेवी. मग तो मोडेमच्या मदतीने दुसऱ्या संगणकाला फोन लावी, आपली थैली रिकामी करी, तिकडची भरून घेई आणि फोन ठेवी. पत्र पुढे जायचे असेल तर दुसरा संगणक तिसऱ्याला फोन करी. या पद्धतीत पत्त्यातच वाटेतील संगणकांची नावे ओळीने लिहावी लागत, एस.टी.ने जाणाऱ्या पाहुण्याला गाड्या कुठे बदलायच्या ते सांगावे, तसे. आणि पत्र मराठीत लिहायचे तर रोमन अक्षरांतच!

१९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत कायमची भाड्याची जोडणी मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला ८ बिट धरले तर सेकंदाला १२०० अक्षरे, म्हणजे दोन हजार अक्षरांचे पान पावणेदोन सेकंदांत. दहा लाख अक्षरांएवढी माहिती पाठवायला मात्र सुमारे चौदा मिनिटे लागणार, तीही दुसऱ्या कोणी त्या वेळी काही पाठवत नसेल तर.

संगणकांनी परस्परांशी कोणत्या नियमांनी बोलावे, हा तेव्हा जगभर वादाचा विषय होता. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ओएसआय ही नियमावली एका बाजूला, अमेरिकेतील संशोधकांनी वापरून घडवलेली टीसीपी/आयपी दुसऱ्या बाजूला. एर्नेटने दोन्ही चालवून पाहिल्या. १९९५ नंतर जवळपास सारी वाहतूक टीसीपी/आयपीवरच होऊ लागली. आमच्या मते एर्नेटचे खरे महत्त्व इथे आहे. तयार जाळे विकत आणून जोडले असते तर पत्रे गेलीच असती. पण जाळे हाच अभ्यासाचा विषय केल्यामुळे ते उभारणारी, बिघडले तर दुरुस्त करणारी माणसे इथेच तयार झाली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिल्या काळात जाळ्यात असणे म्हणजे त्या आठ नामांकित दारांच्या आत असणे. परदेशी नियतकालिकांची खरी टंचाई असे ती लहान गावांतील महाविद्यालयांना, आणि नेमकी तीच बाहेर होती. पुढे विद्यापीठे व अन्य संस्था जोडल्या गेल्या. दूरच्या ठिकाणांसाठी उपग्रहाचाही उपयोग झाला. एन.सी.एस.टी. २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली.

२०१० साली सरकारने राष्ट्रीय ज्ञानजालाला मंजुरी दिली. त्याच्या मुख्य वाहिन्या सेकंदाला १० अब्ज बिटांच्या घरातल्या, म्हणजे १९८९ च्या त्या तारेच्या सुमारे दहा लाख पट. हा भागाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. जोडायच्या संस्थांमध्ये विद्यापीठे होती, प्रयोगशाळा होत्या, संशोधन केंद्रे होती. शाळांचा विचार त्यात मुख्यत्वे नव्हता.