संगणकीय विचारकौशल्यांचे शालेय मूल्यमापन

एखाद्या प्रश्नाची लहान घटकांत विभागणी करणे, त्यांतील साम्य ओळखणे, अनावश्यक तपशील वगळणे आणि उत्तराप्रत नेणाऱ्या पायऱ्यांचा निःसंदिग्ध क्रम ठरविणे, या प्रक्रियेस संगणकीय विचार म्हणतात. सीमोर पॅपर्ट यांनी १९८० मध्ये ही संज्ञा वापरली. जेनेट विंग यांच्या २००६ मधील लेखामुळे ती शिक्षणक्षेत्रात रूढ झाली. संज्ञा नवी असली, तरी विद्यार्थ्याचे उत्तर तपासावयाचे की त्याची रीत, हा तिच्या मूल्यमापनातील मुख्य प्रश्न महाराष्ट्रातील शाळांना जुनाच आहे.

पंतोजींच्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दीडकी ही कोष्टके मुखोद्गत करवून घेत आणि तोंडी हिशेबांवरून मुलाची तयारी अजमावीत. १८६०–७० च्या दशकात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालानुसार शाळांना अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. शाळेचे उत्पन्नच निरीक्षकासमोर मिळणाऱ्या उत्तरांवर अवलंबून राहिल्याने घोकंपट्टीस उत्तेजन मिळाले. हिंदुस्थान सरकारच्या १९०४ मधील शिक्षणविषयक ठरावात ही पद्धत त्याज्य ठरविण्यात आली.

१९५४-५५ पासून सुरू झालेल्या शिष्यवृत्ती परीक्षांनी चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांची पारख केली. २०१६-१७ पासून त्या पाचवी व आठवीसाठी घेण्यात येऊ लागल्या. त्यांतील बुद्धिमत्ता चाचणीतील संख्यामालिका, सांकेतिक भाषा व आकृतिबंध हे प्रश्न संगणकीय विचाराच्या जवळचे आहेत. तथापि बहुपर्यायी प्रश्नात अचूक पर्याय कोणत्या विचाराने निवडला, हे परीक्षकास कळत नाही.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट होतो. १ ते १०० मधील मनात धरलेली संख्या केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे घेऊन शोधावयाची आहे. एका मुलाने ती पहिल्याच अंदाजात सांगितली, तर उत्तर बरोबर. परंतु रीत नाही. प्रत्येक प्रश्नागणिक उरलेल्या संख्यांचे शक्यतो समान दोन भाग करणाऱ्या मुलास ती जास्तीत जास्त सात प्रश्नांत निश्चितपणे सापडते. त्याचे कौशल्य मोजण्यासाठी कोणती संख्या, याऐवजी किती प्रश्न व का, हे विचारावे लागते.

लिथुएनियात २००४ मध्ये सुरू झालेल्या बेब्रस स्पर्धेत संगणकाचे पूर्वज्ञान नसले, तरी सोडविता येतील असे लहान प्रश्न असतात. भारतात ती ‘एसीएम इंडिया’ या संस्थेच्या सीएस पाठशाळा या उपक्रमातर्फे मराठीसह अनेक भाषांत घेतली जाते. या उपक्रमाने संगणकाविना करावयाच्या कृतींवर भर दिला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) शालेय शिक्षणात संगणकीय विचारास महत्त्व दिल्यानंतर अशा प्रयत्नांचे मोल वाढले आहे. ज्या शाळांत पुरेसे संगणक नाहीत, तेथील मुलांची परीक्षा यंत्र हाताळण्याच्या सवयीवरून घेतली, तर मोजली जाते ती साधनसंपन्नता. कागदावर लिहिलेला पायऱ्यांचा क्रम आणि त्यातील चूक शोधून केलेली दुरुस्ती ही मात्र विचारशक्तीची अधिक खात्रीलायक गमके ठरतात.